भिंतीतली वायर शोधणारं यंत्र: गोव्याच्या चिऱ्याच्या घरात दहा महिने

2023 च्या चवथीला तीन दिवस राहिले असताना आमच्या फोंड्याच्या घरात माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, हूक बसवायचं काम चाललं होतं. धाकटे दीर स्टुलावर चढून ड्रिल मारत होते. फट् असा आवाज झाला, भोकातून ठिणगी उडाली आणि अर्धं घर अंधारात गेलं. त्यांना काही झालं नाही, देवाची कृपा. चवथ तोंडावर, इलेक्ट्रिशियन मिळेना. शेवटी जो मिळाला त्याने गिलावा थोडा फोडला, तुटलेल्या तिन्ही वायरी पिळून जोडल्या, टेप गुंडाळली आणि वरून सिमेंट थापलं. दिवे लागले, बाप्पा बसले, आम्हीही विसरलो.

पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला आणि गिझर लावला की मेन बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागला. रोज नाही, ओला वारा असेल त्या दिवशी हमखास. साहजिकच सगळ्यांनी गिझरला दोष दिला. कॉइल बदलली, तरी तेच. मग दुसऱ्या, वयस्क इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने गिझर सोडवून एकट्याचा मेगर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने चाचणी) घेतला आणि म्हणाला, "वयनी, गिझर बरो आसा." मेन बंद करून, बोर्डातून एकेका लाइनची न्यूट्रल सुटी करून तो अर्थिंगशी मेगर लावत गेला. देवखोलीतल्या प्लगच्या लाइनवर काटा जवळजवळ शून्यावर. म्हणजे त्या लाइनची न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकत होती. गिझरसारखं मोठं यंत्र चाललं की परतीच्या करंटचा थोडा भाग न्यूट्रलऐवजी अर्थिंगने निघून जायचा. आरसीसीबीचं कामच जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमधला फरक मोजण्याचं. आमचा 30 मिलिअँपिअरचा आहे, तो तेवढ्यावर पडायचा. देवखोलीतल्या प्लगला काही लावलेलं नसलं तरीही पडायचा, म्हणून आम्हाला तिकडचा संशयच आला नव्हता.

लाइन कळली, पण ती भिंतीत कुठून जाते? घर चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाचं, भिंती हातभर जाड. वीसेक वर्षांपूर्वी जुनी लाकडी पट्टीची वायरिंग काढून झिरी मारून पाइप आत घातले, तेव्हाचा नकाशा कोणाकडे नाही. तेव्हा, जुलै 2024 मध्ये, मी साडेपाच हजारांचं हे हातात मावणारं यंत्र घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे गुणदोष सांगते आहे ते एका कंपनीचे नाहीत. माहितीपत्रकाप्रमाणे लोखंड 12 सेंटिमीटरपर्यंत, तांबं 8 पर्यंत आणि चालू वायर 5 सेंटिमीटर खोलीपर्यंत सापडते. मध्ये एक भोक आहे, त्यातून पेन्सिलीने खूण करता येते. वर 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. दहा महिन्यांत ती एकदाच बदलली.

पहिल्या दिवशी माझी घोर निराशा झाली. चालू वायरीच्या मोडवर लावलं तर अख्खी भिंत लाल. जिथे वायर असणं शक्य नाही तिथेही लाल. कारण नंतर उमगलं: भिंत ओली असली की वायरीचं विद्युतक्षेत्र ओलीतून पसरतं आणि यंत्राला कड सापडत नाही. मोकळा तळहात यंत्राशेजारी भिंतीला सपाट टेकवला तर फरक पडतो, भिंतीवरचा स्थिर विद्युतभार हातातून निघून जातो. माझ्याकडे त्याने लाल पट्टा निम्मा झाला, पण जुलैच्या भिंतीवर तेवढंच. शेवटी धातूच्या मोडवर हळूहळू सरकवत नेलं आणि खुणा उमटत गेल्या. बोर्डापासून देवखोलीच्या दारावरच्या कोपऱ्याकडे, तिरकी! सरळ वर जाऊन मग आडवी नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात. पाइप वाचवायला कुणीतरी जवळचा रस्ता धरलेला. बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि सिलिंगखालच्या पट्ट्यात ड्रिल मारायचं नाही, हा नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. माटोळीचा हूक या दोन्ही पट्ट्यांच्या बाहेर होता, आणि तरी वायरीवर बसला.

खुणांवरून वीतभर गिलावा फोडला. आतली टेप सुटून आली होती, तिचा गोंद काळा चिकट झालेला, बोटाला लागला की साबणानेही निघेना. न्यूट्रल आणि अर्थिंग या दोन्हींच्या जोडांवर हिरवट थर चढलेला, आणि दोन्ही उघडी तांबी अगदी शेजारी. पावसात मधल्या ओलीतून एकमेकांना जोडली जायची, सुकलं की सुटायची. मला ते बघून वाईट वाटलं, आणि रागही आला, की नऊ-दहा महिने आम्ही हे भिंतीत घेऊन झोपत होतो.

दुरुस्ती या वेळी नीट झाली. पाइपचा फुटका तुकडा कापला, तिथे जंक्शन बॉक्स बसवला, दोन्ही बाजूंचे पाइप त्यात घुसवले. मग फिश वायर घालून बोर्डापासून प्लगपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरच्या तीन नव्या वायरी ओढल्या, मध्ये एकही जोड नाही. बॉक्सवर झाकण, ते भिंतीवर दिसतं. सासूबाईंना ते आवडलं नव्हतं, रंग देऊन झाकू या म्हणत होत्या. मी ठाम राहिले. गिलाव्याखाली पुरलेला जोड नकोच. जोड टाळता येत नसेल तर तो बॉक्समध्ये, उघडून बघता येईल असा हवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मेगर घेतला, मगच लाइन चालू केली.

तेव्हापासून यंत्र सतत वापरात आहे. पाऊस ओसरून भिंती सुकल्यावर, साधारण ऑक्टोबरअखेरपासून, त्याचं खरं रूप दिसलं. चालू मोडवर बोटभर रुंदीची रेघ सापडते. मात्र एक गोष्ट मला चुकूनच कळली: दिवा बंद असेल तर स्विचपुढची फेजची वायर मेलेली असते आणि यंत्र तिच्यावरून खुशाल हिरवं दाखवत जातं. म्हणून आता मी आधी त्या खोलीतले सगळे दिवे, पंखे लावते, प्लगला इस्त्री जोडते आणि मग भिंत तपासते. आधी चालू मोड, मग धातू, कारण न्यूट्रल आणि अर्थिंग चालू मोडवर दिसत नाहीत. दोन्हींत हिरवं आलं की खूण, मग मेन बंद आणि बॅटरीवरच्या ड्रिलने भोक. ड्रिल बिटला 3 सेंटिमीटरवर टेप गुंडाळलेली असते, तेवढ्यापुढे जात नाही.

चिऱ्याचा त्रास मात्र कायम आहे. चिऱ्यात लोह असतं, त्यामुळे गिलावा पातळ आहे तिथे धातूचा मोड उगाच पिवळा होतो. दुसऱ्या जागी नेऊन परत चालू केलं की बहुतेक वेळा सुधारतं. स्लॅबमध्ये तर वायर शोधायला याचा उपयोग नाही म्हटलं तरी चालेल, सळ्यांच्या जाळीत पाइप हरवतो. प्लॅस्टिकचा रिकामा पाण्याचा पाइपही दिसत नाही. मडगावच्या बहिणीने फ्लॅटसाठी मागून नेलं होतं. तिच्या विटांच्या भिंतीत ते आमच्यापेक्षा कितीतरी चोख चाललं.

डिसेंबरमध्ये स्वयंपाकघर नव्याने केलं. झिरी मारल्यावर, गिलाव्याआधी, प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढले आणि त्यांच्या प्रती बोर्डाच्या झाकणामागे ठेवल्या. त्या खोलीत यंत्र काढायची गरज पडलेली नाही.

आता मे संपत आलाय. माटोळीच्या नव्या हुकांच्या जागा भिंती सुक्या असतानाच तपासून पेन्सिलीने आखून ठेवल्या आहेत, जुन्या भोकापासून दीड हात डावीकडे.