गोदामाआधीची जमीन: सोलापुरातील एका ठेकेदार संस्थेच्या कामाचे परीक्षण

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने सोलापूर–बार्शी रस्त्यावर, वडाळ्याच्या अलीकडे जागा घेतली असून तेथे धान्य वाळवण्याचे यंत्र, काँक्रीटचे खळे, पोत्यांचे गोदाम आणि पुढे दोन सायलो (सुटे धान्य साठवण्याच्या उंच टाक्या) उभारायचे आहेत. या जागेची सपाटी, भराव आणि पाण्याचा निचरा हे काम शहरातल्याच एका ठेकेदार संस्थेला दिले होते. शेवटच्या देयकाचा वाद मिटलेला नसल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही. मात्र असे काम काढणाऱ्यांना त्याचा बरावाईट तपशील उपयोगी पडावा.

आमची जमीन काळी आहे, आणि काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी टाकली तर दोन-तीन वर्षांत तडे जातात, तड्यांतून ओल वर चढते आणि किडीला व घुशींना वाट मिळते. मंगळवेढ्याकडचे जुने लोक पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा, काळ्या मातीत खणत नसत, गावठाणातली कोरडी पांढरी माती पाहत, हे या संदर्भात आठवते. संस्थेने आधी चार कोपऱ्यांत व मध्यभागी खड्डे घेऊन थर पाहिले. दीड-दोन मीटर काळी माती आणि तिच्याखाली घट्ट मुरूम निघाल्यावर गोदामाखालची काळी माती पूर्ण काढून मुरूम भरावा, खांबांचे पाये खालच्या मुरमापर्यंत न्यावेत आणि खळ्याखाली सुमारे एक मीटर न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर द्यावा, असा प्रस्ताव त्यांनी दिला. न फुगणाऱ्या थराची ही पद्धत मुंबईच्या आयआयटीतील डॉ. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आली आहे. आमच्या सल्लागाराने रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असणाऱ्या पाइल्सचाही (जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांचाही) विचार सुचवला होता, पण घट्ट थर इतक्या वर असताना तो खर्च अनाठायी होता, आणि ठेकेदार संस्थेने तसे स्पष्टपणे सांगितले. ज्या कामात आपला फायदा जास्त ते काम नको म्हणणारा ठेकेदार विरळाच.

भराईचे काम हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग होता. मुरूम वीस सेंटीमीटरच्या थरांत पसरून, टँकरने पाणी मारून, कंपन रोलरने दाबला गेला. खडे असलेल्या मुरमात कोअर कटर (मातीचा नमुना कापून काढणारी लोखंडी नळी) नीट बसत नाही, म्हणून प्रत्येक थराची घनता वाळू भरून मोजण्याच्या पद्धतीने तपासली आणि ती प्रॉक्टर घनतेच्या, म्हणजे त्याच मातीच्या प्रयोगशाळेत काढलेल्या कमाल घनतेच्या, ९५ टक्क्यांना उतरल्याशिवाय पुढचा थर टाकला नाही. एका थराची घनता कमी भरली तेव्हा तो न कुरकुरता उकरून पुन्हा दाबला.

सायलोच्या जागेबाबत मात्र त्यांची समज तोकडी वाटली. एक घनमीटर ज्वारीचे वजन पाऊण टनाच्या आसपास असते, म्हणजे सहा मीटर उंच भरलेल्या सायलोखाली प्रत्येक चौरस मीटरवर साडेचार टनांच्या आसपास भार येतो, शिवाय सायलो भरताना व रिकामा होताना तो सारखा बदलत राहतो. असे असताना संपूर्ण प्लॉटसाठी जमिनीच्या धारणक्षमतेचा एकच आकडा देऊन त्यांनी अहवाल पूर्ण केला. सायलोखालची बोअर तपासणी आम्हाला दुसरीकडून करून घ्यावी लागली.

निचऱ्याचे काम सर्वांत कच्चे निघाले. सोलापूरचा पाऊस एकूण कमी असला तरी तो येतो तेव्हा एकदम येतो. सप्टेंबर २०२५ मधला सीनेचा पूर जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. हजार चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी खाली येते, आणि त्यांनी काढलेला चर ते पाणी थेट शेजाऱ्याच्या बांधावर सोडत होता. शेजारी समजूतदार म्हणून निभावले. चर आता आमच्या शेततळ्याकडे वळवला आहे. जोते मात्र आसपासच्या जमिनीपेक्षा ८० सेंटीमीटर उंच घेतले आहे आणि खळ्याला शंभरास एक असा उतार ठेवला आहे, ते योग्यच झाले.

आतल्या रस्त्याबद्दलही तक्रार आहे. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि उन्हातच वाळते. वाळवण यंत्र खऱ्या अर्थाने लागते ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीन, उडीद आणि मक्यासाठी. म्हणजे ट्रक नेमके चिखलाच्या दिवसांत येणार. हे आधीच सांगूनही रस्ता नुसत्या मुरमाचा केला गेला, आणि पहिल्याच पावसात चाके रुतली. सोलिंग (मोठ्या दगडांचा थर) आणि खडी आम्ही नंतर टाकून घेतली. वाळवणीचा भुसा व धूळ गोदामाकडे जाऊ नये म्हणून यंत्राची जागा वाऱ्याची दिशा पाहून ठरवावी, ही आमची सूचना त्यांनी ऐकली व आखणी बदलली, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

देयकाचा वाद ब्रासचा, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाचा, आहे. करारात मोजमाप दाबलेल्या भरावाचे, कामाआधी व कामानंतर घेतलेल्या लेव्हलवरून (जमिनीच्या उंचीच्या मोजमापांवरून) करायचे असे लिहिले होते, तरी देयक डंपरमधल्या सुट्या मुरमाच्या ब्रासवर काढले गेले, आणि सुटा मुरूम दाबल्यावर बराच बसतो. लेव्हलची नोंदवही आमच्याकडे सह्यांसकट आहे, त्यामुळे रक्कम कमी होईल असे दिसते. भराईसाठी मी ही संस्था पुन्हा बोलावीन. निचरा, रस्ता आणि सायलोचा पाया यांसाठी स्वतंत्र अभियंता नेमून त्याच्या नकाशावरच काम देईन.