‘इच्छुक आहे’ बटण आणि आमचा वरचा मजला: ऑनलाइन भाडेकरू शोधण्याचे आठ महिने

परवा सकाळी दूधवाल्याला पैसे पाठवायला मोबाईल उघडला, तर बँकेचा मेसेज. खात्यातून 2,360 रुपये वजा. भाडेकरू शोधायच्या साइटचं तीन महिन्यांचं पॅकेज आपोआप पुन्हा सुरू झालं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर 1 डिसेंबरपासून माणसं राहतायत, जाहिरात मी स्वतः बंद केलीय, तरी पैसे गेले. त्या रागात लिहायला बसलेय. पण जे चांगलं झालं तेही सांगणार आहे.

साइट कशी चालते, पॅकेजं कोणती, हे सांगत बसत नाही. ज्याला घर द्यायचंय किंवा घ्यायचंय त्याच्या मोबाईलमध्ये ती असतेच. आमचं घर कोल्हापुरात, सागरमाळला. वर दोन खोल्या, हॉल, किचन, जिना बाहेरून, लाईटचं मीटर वेगळं. भाडं 9,500, डिपॉझिट 40,000. आमच्या ह्यांनी शिरोलीच्या फाउंड्रीत 31 वर्षं काढली, म्हणावी अशी पेन्शन नाही. त्यामुळे वरच्या मजल्याचं भाडं म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा आणि औषधं. आधीचं कुटुंब सहा वर्षं राहिलं, स्वतःचं घर बांधून जुलै 2025 मध्ये गेलं. एजंट एका महिन्याचं भाडं दलाली मागत होता. म्हटलं, ते 9,500 वाचवू.

पहिले तीन आठवडे फुकट जाहिरात होती. ऑगस्टमध्ये पॅकेज घेतलं आणि फोन वाजायला लागला. तेव्हा मी शेजारणींना सांगत सुटले होते की पैसे वसूल झाले. आठवड्यात 22 जणांनी रस दाखवला होता.

रस दाखवला म्हणजे काय, ते नंतर कळलं. जाहिरातीखाली एक बटण आहे, ‘इच्छुक आहे’. समोरच्यानं ते दाबलं की त्याचं नाव आणि नंबर माझ्याकडे येतो. बास. कोण आहे, किती माणसं आहेत, कधीपासून हवंय, किती दिवस राहणार, यातलं एक अक्षर त्याला लिहावं लागत नाही. मी वही केली होती. जुलै ते नोव्हेंबर 143 नावं आली. प्रत्येकाला मी फोन केला. 51 जणांनी उचलला. त्यातल्या निम्म्यांना आपण कुठलं घर बघितलं तेच आठवत नव्हतं. “कुठलं हो, उजळाईवाडीचं का?” म्हणून विचारायचे. एकाला वन आरके हवं होतं, एकाला गोडाऊन. दुपारी हे झोपले की मी वही घेऊन बसायची आणि दोन-दोन तास फोन लावायची. घर बघायला प्रत्यक्ष आले नऊ जण.

हे बटण एवढं का लावून धरतेय, असं आमचा मुलगाही म्हणतो. त्याचं म्हणणं, साइटवर फोटो चांगले दिसतात, नकाशा आहे, शोध सोपा आहे, एका बटणावरून सगळ्याला नावं ठेवू नकोस. पण घरमालकाच्या बाजूनं बघा. माणूस पारखायचा तर त्यानं स्वतःबद्दल सांगितलेलं पहिलं वाक्य लागतं. पूर्वी शिवाजी पेठेत माझ्या माहेरी खोली द्यायची असली की दारात पाटी लागायची. येणारा माणूस उंबऱ्याशी उभा राहून आधी आपलं गाव सांगायचा, काम सांगायचा, “बायको आणि दोन पोरं हाईत” म्हणायचा. मग आमची आई पाणी द्यायची. त्या दोन मिनिटांत निम्मा निर्णय झालेला असायचा. या बटणानं नेमकी तीच दोन मिनिटं काढून घेतली.

साइटच्या फॉर्ममध्ये लिफ्ट, जिम, स्विमिंग पूल सगळ्याला चौकट आहे. कोल्हापुरात घर बघणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत दोनच गोष्टी विचारतो. नळाला पाणी किती वेळ येतं आणि पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी येतं का. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै इथं कोणी विसरलेलं नाही. आमचा भाग उंचावर, पुराचं पाणी इकडं येत नाही, पण ते लिहायला जागाच नव्हती. प्रत्येक फोनला तेच सांगून घसा कोरडा पडायचा. शेवटी मुलानं एका फोटोवरच अक्षरं टाकून दिली, ‘उंचावरचा भाग, पूर नाही, बोअर आहे’.

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे इथंच सुनावण्या घेणारं पीठ, कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे आणि आपला सहावा. झालं, एजंट मंडळी भाडेकरूच्या नावानं बटण दाबायला लागली. “काकू, वकिलांची पार्टी हाय, 14,000 देत्याल, टोकन आजच देतो.” पार्टी कोण विचारलं की उत्तर नाही. घर स्वतःसाठी बघतोय असं सांगून आलेले किमान 17 नंबर माझ्या वहीत एजंटांचे निघाले. साइटला कळवलं तर त्यांचं उत्तर, नंबर ‘पडताळलेला’ आहे.

ही ‘पडताळलेला’ची हिरवी खूण काय असते ते सप्टेंबरमध्ये समजलं. एका संध्याकाळी हिंदीतून फोन. लष्करात आहे, टेंबलाईच्या टी.ए. (प्रादेशिक सेना) बटालियनला बदली झालीय, बायको आणि लहान मुलगी येणार, घर बघायची गरज नाही, फोटो पसंत आहेत. लगेच ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो. त्याच्या नावापुढे हिरवी खूण होती. मला वाटलं देवानंच पाठवला. लष्करातला माणूस, भाडं वेळेत येणार, आणखी काय पाहिजे. मग म्हणाला, “मैडम, हमारे अकाउंट से पैसा उल्टा आता है, आप पहले 5 रुपये भेजो, 10 आएँगे.” मी 5 पाठवले, 10 आले. मग डिपॉझिटच्या 40,000 चा एक क्यूआर कोड आला, स्कॅन करा आणि पिन टाका म्हणाला.

पिन म्हटल्यावर हात थांबला. आमच्या भिशीतल्या एकीनं सांगितलेलं मनात होतं, पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. मी फोन ठेवला तर त्यानं सात वेळा लावला, शेवटी शिवीगाळ केली. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करून नंबर कळवला. त्या रात्री झोप लागली नाही. 40,000 गेले असते तर आम्ही काय केलं असतं, हा विचार आजही आला की पोटात गोळा येतो. आणि हिरवी खूण? त्या नंबरवर ओटीपी गेला आणि त्यानं तो टाकला, एवढाच तिचा अर्थ. माणूस कोण आहे हे कुणीच बघितलेलं नव्हतं. घरमालकांनो, हे नीट लक्षात ठेवा.

ऑक्टोबर कोरडा गेला. ऑगस्टपासून घर रिकामं म्हणजे तोवर 28,500 बुडाले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पॅकेज दुसऱ्यांदा कापलं गेलं, तेव्हा गरज होती म्हणून मी बोलले नाही. हा लेख तेव्हा लिहिला असता तर साइटला शून्य दिलं असतं.

मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक निरोप आला. बटणाचा नाही, लिहिलेला. जाहिरातीत तळाशी, बरंच खाली गेल्यावर, लिहायची एक चौकट असते, ती मलाही तोवर माहीत नव्हती. मजकूर असा होता: “नमस्कार. मी वकील आहे, रत्नागिरीची. सर्किट बेंचमुळे कोल्हापुरात येतेय. सोबत आई असेल, आम्ही दोघीच. तुम्ही फक्त शाकाहारी कुटुंबाला देणार असं लिहिलंय. आम्ही मासे खातो. हरकत असेल तर स्पष्ट सांगा, वेळ घेत नाही. नसेल तर रविवारी 11 वाजता येऊ का?”

मी चारदा वाचलं. फक्त शाकाहारी? आमच्याच घरी रविवारी तांबडा-पांढरा असतो! जाहिरात उघडून बघितली तर खरंच, ‘केवळ शाकाहारी’वर टिक होती. मी केलेली नव्हती. मुलानं दुसरी नवी जाहिरात भरायला घेऊन बघितली, तर ती टिक आधीपासूनच असते, आपण काढायची. म्हणजे कोल्हापूरसारख्या गावात चार महिने माझं घर फक्त शाकाहारी लोकांसाठी म्हणून दिसत होतं. किती चांगली कुटुंबं ते वाचून पुढे गेली असतील! एवढ्या लोकांनी बटण दाबलं, कुणीच ते वाचलं नव्हतं. जिनं वाचलं, तिनं विचारलं.

रविवारी पावणे अकराला दोघी आल्या. आईनं चप्पल बाहेर काढली, जिना चढून वर गेल्या, आधी नळ सोडून बघितला. मुलीनं विचारलं, “काकू, करार रजिस्टर करणार ना?” मला वाटलं वकील आहे, काहीतरी अडचण काढतेय. आमच्या दिरांनी तर आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, “वहिनी, वकिलाला घर देतासा व्हय? उद्या काढता यायचं न्हाई.” ही भीती आपल्याकडे सगळीकडे आहे, मलाही होती.

पण त्या मुलीनं समजावलं ते इथं मुद्दाम लिहिते. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, असं समजतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. आणि नोंदणी असेल तर कलम 24 आपल्या बाजूनं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते. दिरांची भीती ज्या कायद्याची, तोच कायदा नोंदणी केलेल्या मालकाला सांभाळतो, हे मला वयाच्या 57 व्या वर्षी भाडेकरू म्हणून आलेल्या पोरीनं सांगितलं.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यांच्या 0.25 टक्के, आमचं तीनशेच्या आसपास आलं. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. साइट हाच करार ‘घरबसल्या’ करून देते म्हणून बरेच जास्त मागत होती. आम्ही राजारामपुरीतल्या एकाकडून ऑनलाइन करून घेतला. तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, अर्ध्या तासात काम झालं. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात दिली.

तेव्हा मी साइटला मनातल्या मनात चार तारे दिले होते. या साइटशिवाय रत्नागिरीची मुलगी सागरमाळला पोचली नसती, हे मान्यच केलं पाहिजे. दोघींचा काही त्रास नाही. भाडं दर महिन्याच्या 3 तारखेच्या आत येतं. आई संक्रांतीला तिळगूळ घेऊन खाली आली, तशी बाजारातून मासे आणले की वाटीभर कालवणही येतं.

आणि मग परवाचे 2,360. ग्राहक सेवेला लिहिलं की जाहिरात डिसेंबरपासून बंद आहे. उत्तर आलं, जाहिरात बंद करणं वेगळं आणि पॅकेज बंद करणं वेगळं. हे कुठं सांगितलं होतं, विचारलं, तर अटींचं इंग्रजी पान पाठवलं. बँकेचा मेसेज आदल्या दिवशी आला होता हे खरं, आपोआप कापायच्या रकमेची सूचना 24 तास आधी द्यावी लागते. पण तो कर्जाच्या आणि सेलच्या वीस मेसेजांत दबला. मुलानं आता पेमेंटच्या ॲपमध्ये ऑटोपे उघडून ती परवानगीच काढून टाकली. तुमचीही कुठली चालू असेल तर आजच बघा, जाहिरात काढली म्हणजे ती बंद होत नाही.

हिशेब मांडला. तीन पॅकेजं मिळून 7,080. एजंटाला 9,500 दिले असते. वाचले 2,420. पण घर चार महिने रिकामं राहिलं त्याचे 38,000 गेले. एजंटानं कदाचित सप्टेंबरलाच कुणीतरी आणलं असतं, त्या दोघी मात्र आणल्या नसत्या. त्यामुळे या साइटला मी आज अडीच तारे देते. परवाचे पैसे परत आले तर तीन. शाकाहारीची टिक आणि ते बटण असं आहे तोवर त्याच्या वर नाही.

पैशांबद्दल पाचव्यांदा लिहिलंय, काल 1,180 परत आले, म्हणजे निम्मे. उरलेल्यांसाठी पुन्हा लिहिणार आहे. त्यात हेही घातलंय की बटण दाबण्याआधी चार ओळी लिहिणं सक्तीचं करा, लोकांना वाटलं तर मराठीत लिहू दे. त्यावर त्यांचं काही उत्तर नाही.

करार 31 ऑक्टोबरला संपतोय. दोघी राहणार असतील तर पुन्हा नोंदणी करू. गेल्याच तर जाहिरात फुकटातली टाकणार, टिक आधी काढणार, आणि पहिल्या फोटोवर मोठ्या अक्षरात लिहिणार: ‘बटण दाबू नका. तुम्ही कोण, किती जण, कधीपासून, किती दिवस, एवढं लिहून पाठवा. मी स्वतः फोन करेन.’