कॅप्टन अमेरिका : १९७४चा की २००५चा?

राजकीय थरार वाचायचा म्हणून कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोचं कॉमिक हाती घेणार असाल, तर दोन कथांतून निवडा.

पहिली स्टीव्ह एंगलहार्टची 'सीक्रेट एम्पायर'. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना भोवलेलं वॉटरगेट प्रकरण ऐन भरात असताना आलेली. १७५व्या अंकात कटाच्या सूत्रधाराचा पाठलाग करत कॅप्टन थेट व्हाइट हाउसमध्ये घुसतो आणि त्याचा मुखवटा उतरवतो. चेहरा आपल्याला दिसत नाही, पण रोख निक्सन यांच्याकडे आहे हे कळतं. तो माणूस स्वतःवर गोळी झाडतो. निक्सन यांचा राजीनामा आला १९७४च्या ऑगस्टमध्ये. हा अंक त्याच्याही आधीचा! हादरलेला स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टनचं खरं नाव) पुढे कॅप्टनपद सोडून 'नोमॅड' होतो. मुलांचं मानल्या जाणाऱ्या माध्यमात हे धाडस मला आजही थक्क करतं. संवाद मात्र बरेच भडक आहेत.

दुसरी, एड ब्रुबेकरने २००५पासून लिहिलेली 'विंटर सोल्जर'. माजी सोव्हिएत जनरल लुकिन, मेला असं समजलेला कॅप्टनचा जुना साथीदार बकी मारेकरी म्हणून समोर येणं, स्टीव्ह एप्टिंगची अंधारी चित्रं : रचना कितीतरी घट्ट. पण इथे शत्रू मुख्यतः बाहेरचा, जुन्या शीतयुद्धातला. एकच घ्यायची तर मी १९७४ची घेईन.