अठराशे क्लिकचा कॅमेरा

लेकीचं पहिलं स्नेहसंमेलन, तेही गडकरी रंगायतनला. आमच्या मोबाइलमध्ये ती नाचायला लागली की नुसता पुसट फराटा येतो, म्हणून कॅमेरा घ्यायचाच असं ठरवलं. नवा परवडेना. ऑनलाइन जाहिरातीत जुना निकॉन डी५६०० दिसला, १८-५५ लेन्ससकट २८ हजारांना. खाली लिहिलं होतं, 'बाळासाठी घेतला होता, आता वेळच मिळत नाही.' तिथेच मी विरघळले.

ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी साडेसातला भेटलो. ही वेळ त्याने का निवडली ते आता कळतंय. अंधार, धक्काबुक्की, आणि त्याला म्हणे कर्जत लोकल गाठायची होती. पडद्यावर शेवटच्या फोटोचा नंबर दाखवला, १८४६. "बघा ताई, अठराशेच क्लिक." बॉडी चकचकीत, पट्टा कोरा, खोकंही होतं. बिल तेवढं घरी राहिलं होतं. मी तिथेच यूपीआयने पैसे दिले.

संमेलनात कोळीनृत्य. लेकीच्या डोक्यावर टोपली, त्यात पुठ्ठ्याचं पापलेट. पहिले चार फोटो दुधात बुडवल्यासारखे आले. पाचव्याला आत काहीतरी खटकन अडकलं आणि पडद्यावर एरर. उरलेला नाच मी बटण दाबण्यात घालवला, पाहिलाच नाही.

फोर्टला एका दुरुस्तीवाल्याने लेन्स काढून मागून टॉर्च मारला. आत पांढरे बारीक धागे, बुरशीचे. आपल्या दमट हवेत बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सचं हेच होतं. (कोळीनृत्याला कोळ्याचं जाळं, म्हणजे साजेसंच!) मग त्याने कार्डावरचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. निकॉनच्या मूळ फोटोफाइलमध्ये एकूण क्लिकचा आकडा दडलेला असतो. तो निघाला १,३७,४१२. या मॉडेलचं शटर, म्हणजे प्रत्येक क्लिकला उघडझाप करणारी आतली झडप, कंपनीने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. "लग्नांत झिजवलाय हो," तो म्हणाला. फोटोचा नंबर ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, शिवाय मेनूतूनही नव्याने सुरू करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि कॅमेऱ्याच्या बुडाचा, तेही वेगळे.

तेव्हा जुना घेणार असाल तर दिवसाउजेडी भेटा. स्वतःचं कार्ड घालून फोटो काढा आणि मूळ फाइल तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलीत ही माहिती उरत नाही. कॅननच्या फोटोत तर हा आकडा सहसा नसतोच, तिथे जाणकार दुकानदाराला पाच मिनिटं दाखवा. आणि बिल 'घरी' असेल तर कॅमेराही त्याच्या घरीच राहू दे.

त्याचा नंबर दुसऱ्या दिवसापासून बंद. परवा एक नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, कॅमेरा वेगळा, खाली अंथरलेली निळ्या फुलांची चादर मात्र तीच. बाळासाठीच घेतला होता म्हणे.