ईकोच्या दाराला ‘टफन’ म्हणून बसवली घराच्या खिडकीची काच

ईको, ओम्नी चालवणाऱ्यांनी, त्यातही शाळेची पोरं ने-आण करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. दाराची काच बदलताना चुना लावायच्या जागा डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या) आत असतात, बाहेरून काही कळत नाही.

माझ्या ईकोची डावीकडची पुढची काच गल्लीत बॉल लागून फुटली. नो क्लेम बोनस जाईल म्हणून विम्याच्या भानगडीत पडलो नाही. काचवाल्याने ‘कंपनी टफन’चे, म्हणजे कंपनीच्या कडक केलेल्या सुरक्षित काचेचे, १५०० सांगितले. पॅड उघडल्यावर म्हणाला, “साहेब, रेग्युलेटरपण गेलाय, हँडल फिरवून बघा.” रेग्युलेटर म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा. त्याचे ८०० वेगळे. वर, “तासभर लागेल, चहा घेऊन या.” आलो तेव्हा पॅड बसवून झालं होतं, काच मस्त वरखाली होत होती, कोपऱ्यात कंपनीचा शिक्कासुद्धा होता.

पुढे थंडीत एकदा भाच्याने दार जरा जोरात आपटलं आणि खालच्या कोपऱ्यातून काचेवर तिरकी, लांबलचक चीर गेली. तिथेच बिंग फुटलं. टफन काचेला अशी चीर पडून ती जागेवर राहतच नाही. ती भट्टीत तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली असते, त्यामुळे फुटली की अख्खी फुटते आणि खडीसाखरेसारखे बोथट तुकडे खाली पडतात. साध्या काचेचे सुरे होतात, आणि ते बसणाऱ्याच्या मानेशी! केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० गाडीला सुरक्षित प्रकारचीच काच लावा म्हणतो, तो उगाच नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये पॅड काढलं. मिस्त्रीने शिक्का नखाने खरवडला, तर सोलून हातात आला. स्टिकर! खरा शिक्का काचेवर पक्का उमटवलेला असतो, आयएसआयची खूण आणि परवाना क्रमांकासकट. खालची कड चॅनेलमधून बाहेर काढली, तर हिऱ्याने कापल्यासारखी धारदार. टफन काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. आधी कापून, कडा घासून मगच ती भट्टीत जाते. म्हणून “मापाने कापून देतो” असं कोणी म्हणालं, तर तिथून सरळ निघा. रेग्युलेटर जुनाच होता, गंजावर ग्रीस थापलेलं. पॅडमागचा प्लास्टिकचा कागदही फाडून टाकला होता, म्हणजे पावसाळ्यात पॅड भिजून फुगणार ते वेगळंच. काम चालू असताना दाराशी उभे राहा, आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

जाब विचारायला गेलो, तर म्हणे, “टफन कधी म्हटलं मी?” पक्कं बिल त्याने ‘जीएसटी वाढेल’ म्हणून दिलंच नव्हतं. पण भाव ठरवतानाचा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे होता: ‘कंपनी टफन १५००’. तो आणि यूपीआयची नोंद घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली. आता त्याचेच फोन येतात, “या, दुसरी टाकून देतो.” मी सांगितलंय, काच नको, पैसे दे.