कुपवाडच्या थ्रीडी प्रिंटवाल्याकडून रॅटफिशची कवटी करून घेतली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, करायची तर रेझिनमध्येच करून घ्या. माशाच्या कवटीसाठी एफडीएमच्या (प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर लावतात ती प्रिंट) नादाला लागू नका, पैसे वाचतात पण जे बघायचं तेच दिसत नाही. बाकी सविस्तर खाली लिहिलंय, लांबलंय जरा.

मी सांगलीत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. पुस्तकात कूर्चामीन, म्हणजे हाडाऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले मासे, म्हणलं की स्कोलिओडॉन, प्रिस्टिस, ट्रायगॉन, कार्कारोडॉन ही चार नावं आली की संपलं, आणि लॅबमध्ये फॉर्मलिनच्या बरणीत एक पिवळा पडलेला स्कोलिओडॉन, म्हणजे छोटा शार्क, तो किती वर्षांचा आहे ते शिपाईमामांनाही माहीत नाही. पण शार्क आणि रे (पाकट) यांच्याशिवाय कूर्चामीनांचा तिसरा गट आहे ना, कायमेरा, रॅटफिश त्यातलाच, त्याचं नावच कुठे येत नाही. शार्कपासून ह्यांची वाट फुटली त्याला ४० कोटी वर्षं होऊन गेली, आज जेमतेम पन्नासेक जाती उरल्यात आणि त्यातल्या बहुतेक २०० मीटरच्या खाली, काही तर दोन-अडीच हजार मीटरवर राहतात. अरबी समुद्रातपण आहे एक लांब नाकाचा, निओहॅरिओटा, केरळच्या खोल पाण्यातल्या जाळ्यात येतो, लोक त्याच्या लिव्हरचं तेल काढतात. आपल्याकडे घाट चढून बर्फाच्या पेटीत सुरमई-बांगडा येतो, हा काही यायचा नाही. मग मॉडेलच करून घ्यायचं ठरवलं.

फाइल मिळवायला त्रास नाही. मॉर्फोसोर्स नावाची साइट आहे, तिथे जगभरच्या संग्रहालयांतल्या नमुन्यांचे सीटी स्कॅन ठेवलेले असतात, अकाउंट काढायचं, शिक्षणासाठी पाहिजे म्हणून लिहायचं. मी हायड्रोलेगस कॉलिई घेतला, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ठिपक्यांचा रॅटफिश. हा त्यातल्या त्यात उथळ पाण्यात येतो म्हणून सापडतो, तसाच ऑस्ट्रेलियाकडचा कॅलोरिंकस मिली किनाऱ्याजवळ अंडी घालायला येतो, आणि खरं सांगायचं तर कायमेराचा निम्मा-अधिक अभ्यास ह्या दोघांच्या जिवावर चाललाय, खोलातले बाकीचे कोण बघणार.

आता दुकान. कुपवाड एमआयडीसीत आहे, नाव इथे टाकत नाही, कुणाला पाहिजे तर सांगेन. मुख्य धंदा पंपाचे इम्पेलर, कास्टिंगचे पॅटर्न असला, त्यात मी मासा घेऊन गेले. चालवणारा पोरगा पंचविशीचा असेल, फाइल स्क्रीनवर उघडली आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला भोकंच लई हायती, कवटी हाय का जाळी?" मला तिथेच पोरगा आवडला, कारण प्रश्न एकदम मुद्द्याचा होता. ह्या माशाला हाडच नाही, सगळी कूर्चा, तिच्यात कॅल्शियमचा थर इतका पातळ की स्कॅनमध्ये भिंती अर्धवट उमटतात. दात मात्र ठणठणीत उमटतात. म्हणूनच जमिनीत पण कायमेराचं बाकी काही फारसं टिकत नाही, दातांच्या प्लेटा आणि पाठीवरचा काटा तेवढा सापडतो, आणि त्यावरून अख्खा मासा ओळखायचा म्हणजे काय काम असेल बघा.

त्याने मग मेश रिपेअर केला, म्हणजे फाइलमधला कवटीचा पृष्ठभाग दुरुस्त केला, आणि इथे त्याला पूर्ण मार्क. बरेच प्रिंटवाले सॉफ्टवेअरला बटण दाबून सगळी भोकं बुजवतात, झालं, नसा जायच्या वाटा पण बुजल्या. ह्याने विचारलं, कुठलं भोक खरं आणि कुठलं स्कॅनचं. शेजारी बसून एकेक दाखवलं, चहा दोनदा आला. दवाखान्यांच्या मिरजेजवळ राहणाऱ्या माणसाला सीटी स्कॅनचं काय कौतुक, पण त्याच्या आईचा स्कॅन नुकताच झालेला, तो म्हणाला तिथं पण डॉक्टर असंच सरकवून सरकवून दाखवत होते.

पहिला नमुना त्याने पीएलएमध्ये, म्हणजे एफडीएमच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये, काढून दिला, स्वस्तात. लांबून बरा दिसतो. हातात घेतला की थरांच्या रेघा दिसतात, नाकाच्या पुढचं सगळं बोथट, आणि दातांच्या प्लेटा तर एकच लगदा. मग रेझिनमध्ये काढला, आणि तो फरक मी फोटोत दाखवू शकत नाही, हातात घ्यायला पाहिजे. वरच्या जबड्यात प्लेटांच्या दोन जोड्या, खाली एक जोडी, बस्स, सहा. शार्कचे दात पडतात आणि मागून नवीन येतात, ह्याच्या प्लेटा पडत नाहीत, घासल्या जातात तशा मुळाकडून वाढत राहतात, खेकडे आणि शिंपले अडकित्त्यात धरल्यासारखे फोडायला. रेझिनच्या प्रिंटमध्ये त्या प्लेटांवरचे घासणारे उंचवटे बोटाला लागतात. पोरांनी सगळ्यात आधी तिथंच बोट लावलं.

पण माझं खरं काम जबड्याचं होतं. शार्कचा वरचा जबडा कवटीपासून सुटा असतो, पुढं सरकतो. कायमेराचा वरचा जबडा कवटीतच मिसळलेला, जोड शोधून सापडत नाही. पुस्तकात त्याला होलोस्टायली म्हणतात आणि पोरं ते पाठ करून विसरतात. स्कोलिओडॉनची बरणी शेजारी ठेवून ही कवटी हातात दिली, बास, परत सांगावं लागलं नाही.

दुसरी मागणी अशी होती की कवटी मधोमध कापून दोन भागांत द्यायची, मॅग्नेट लावून जोडता येईल अशी. का, तर ह्यांच्या उत्क्रांतीची सगळ्यात भारी गोष्ट कवटीच्या आतच आहे. दक्षिण आफ्रिकेत कारू भागात रॉय ऊस्टहायझेन नावाच्या शेतकऱ्याला, हौशी जीवाश्म गोळा करणारा माणूस तो, १९८० च्या दशकात स्वतःच्या शेतात एक दगडी गोळा मिळाला, फोडला तर आत माशाचं डोकं, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचं. पुढे त्याचं नाव ठेवलं ड्वायकासेलेकस ऊस्टहायझेनी. बाहेरून तो ज्या गटातला वाटत होता त्या गटाला सगळे शार्कच धरत होते. मग जीवाश्म-अभ्यासक मायकेल कोट्स आणि मंडळींनी त्याचं सीटी स्कॅनिंग करून २०१७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर छापला, कारण दगडात अडकलेली कवटी आतून बघायची तर फोडून चालत नाही, आणि आत निघाली मेंदूची पोकळी, नसांच्या वाटा, नाकपुड्या, आतला कान, सगळी ठेवण कायमेराची. म्हणजे शार्क म्हणून खपवलेला एक अख्खा गट उचलून कायमेराच्या बाजूला नेऊन ठेवायला लागला. शेतकऱ्याने दगड जपून ठेवला म्हणून हे झालं. आपल्याकडे तो बांधाला लागला असता.

तर अशी आतली ठेवण बघायला कापलेली कवटी पाहिजेच. काप सुरेख आलाय. मॅग्नेट मात्र गंडलेत, चिकटवलेला एक वर्गातच निघून आला आणि बाकावरून गडगडत गेला. सुपर ग्लू लावून मीच बसवला परत.

अजून एक तक्रार. ह्या माशाच्या नराच्या कपाळावर एक दांडा असतो, टोकाला उलटे काटे, समागमाच्या वेळी मादीचा पेक्टोरल फिन (छातीजवळचा पर) धरायला. २०२५ मध्ये पेपर आला की ते काटे म्हणजे कातडीवरचे खवले नव्हेत, खरे दात आहेत, जबड्यात दात जिथून उगवतात तसल्याच पेशींच्या पट्टीतून उगवलेले. कपाळावर दात! आणि त्यासाठी त्यांनी आजच्या रॅटफिशचे स्कॅन आणि हेलोडस नावाचा जुना जीवाश्म दोन्ही वापरले. माझ्या प्रिंटमध्ये ते काटे आले होते हो, पण सपोर्ट (प्रिंट होताना आधाराला लावलेल्या काड्या) तोडताना कारागिराने दोन-तीन उडवले. मी आधी सांगितलं होतं की कपाळाला सपोर्ट लावू नका, प्रिंट तिरका ठेवा. पोरग्याला सांगितलं होतं, रात्रपाळीवाल्याला निरोप गेला नाही. कबूल केलं त्यांनी, परत काढून देतो म्हणाले, पण तोवर माझा तास होऊन गेला होता.

वेळेचं पण तसंच. "सोमवारी देतो" म्हणजे कुठला सोमवार ते विचारून घ्या. मोठी इंडस्ट्रियल ऑर्डर आली की तुमचा मासा मागं पडतो, हे गृहीत धरायचं.

किंमत रेझिनच्या ग्रॅमवर लावतात, मेश रिपेअरचे वेगळे, आणि ते वेगळे पैसे मला अजिबात जड गेले नाहीत. आतून पोकळ काढा म्हणलं तर स्वस्त पडतं, पण कवटीला ते करू नका, आतल्या पोकळ्यांचा घोळ होतो. पॅकिंग वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात, साधंच पण तुटलं काही नाही. वास पहिल्या दिवशी येतो, उन्हात फार ठेवू नका, पिवळं पडतं.

पोरांपैकी एकीने विचारलं की हाडच नाही तर ते पूर्वी होतं आणि गेलं का पहिल्यापासूनच नव्हतं. त्यावर २०१४ चा कॅलोरिंकसच्या जीनोमचा पेपर आहे, बायरप्पा वेंकटेश आणि सहकाऱ्यांचा, सिंगापूरचा. त्यात दिसलं की हाड घडवायला लागणाऱ्या जनुकांचं एक कुटुंब ह्या माशात नाहीच, आणि ह्याचा जीनोम सीलाकँथपेक्षाही ("जिवंत जीवाश्म" म्हणतात तो मासा) संथ बदललाय. ते मला कुठल्या प्रिंटमध्ये दाखवता येणार नाही, फळ्यावरच काढलं. ह्या माशाला जठर पण नाही, ते ऐकून मात्र वर्ग जागा झाला, म्हणे खाल्लेलं जातं कुठं मग. सरळ आतड्यात.

एकूण काम चांगलं, फिनिशिंगवर लक्ष ठेवावं लागतं, शंका विचारायची सवय असलेला पोरगा आहे म्हणून मी परत जाणार. पुढची ऑर्डर शार्कची कवटी, त्याच स्केलवर, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवता येतील. जाणार असाल तर दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, फाइल पेनड्राइव्हवर न्या, त्यांचं नेट चालत नाही.