डेक्कन कॉलेजचं म्युझियम, आजीसोबत

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आर्किऑलॉजीचं म्युझियम आहे हे पुण्यात राहणाऱ्या कितीतरी जणांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं. आम्ही मूळचे शिरूर तालुक्यातले, इनामगाव आमच्यापासून जवळच, घोड नदीच्या काठी, तरी शाळेत कुणी एका शब्दानं सांगितलं नाही की तिथं तीन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं गाव सापडलंय! डेक्कन कॉलेजच्याच सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञ सरांच्या टीमनं 1968 ते 1983 या काळात कितीतरी सीझन तिथं जाऊन खोदकाम केलं, आणि नुसता एक खड्डा घेऊन नाही तर आडवं पसरत, घराला घर लावत, त्यामुळे शंभरच्या वर घरं मिळाली, कुठं चूल होती, कुठं धान्य साठवायचे तेपण कळलं.

तिथं सापडलेल्या वस्तू या म्युझियममध्ये आहेत, म्हणून आजीला मुद्दाम घेऊन गेलो. तोटीचं लाल भांडं, त्यावर काळी नक्षी (अशा भांड्यांना जोर्वे म्हणतात, संगमनेरजवळच्या त्याच नावाच्या गावावरून), ते बघून ती लगेच म्हणाली, ही तर झारी. ते लोक जव पिकवायचे म्हटल्यावर म्हणाली मग सातू खात असतील. लहान मूल गेलं की दोन मडक्यांत ठेवून तोंडाला तोंड लावून घराच्याच जमिनीखाली पुरायचे, हे सांगितलं तेव्हा मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही, नंतर हळूच म्हणाली, "लेकरू घरातच ठेवलं मग." मला तिथं गलबलून आलं.

मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरायचे, मेलेला परत चालत येऊ नये म्हणून असेल असं अभ्यासक मानतात. पण एकाचे पाय शाबूत, आणि तो चार पायांच्या मोठ्ठ्या मातीच्या रांजणात बसवलेला, तेही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, म्हणजे बहुतेक गावचा प्रमुखच. या एका रांजणाची गोष्ट नीट ऐकण्यासाठी तरी जाच.

पूर्ण पाच स्टार देतोय. मॉलसारखा झगमगाट इथं नाही आणि नकोच, माल अस्सल आहे. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा, आणि घाईत अजिबात जाऊ नका, निदान दोन तास हाताशी ठेवा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना न्याच, भांडी आणि चुली त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. आजी आता इनामगावला ने म्हणून मागं लागलीय, दिवाळीत जाणारे.